हेलसिंकीतला पहिला हिवाळा : मुलीसाठी येथून काय करता येईल?

प्रश्न (गुहागर) : माझी मुलगी ऑगस्टपासून हेलसिंकीत शिकते आहे. नाताळच्या सुटीत वसतिगृहातील बहुतेक मुली घरी जाणार आहेत, आणि जिला आजवर शालीपलीकडे काही लागले नाही ती तो अंधार एकटीने कसा काढेल, या विचाराने मला झोप लागत नाही.

उत्तर (रत्नागिरी) : ताई, मी तेथे दोन हिवाळे काढले आहेत. थंडीपेक्षा अंधार जड जातो. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य साडेनऊला उगवून सव्वातीनला मावळतो, म्हणून दुपारी उजेडात चालणे तिने चुकवू नये. २४ तारखेच्या दुपारपासून शहर ओस पडते, तेव्हा वाणसामान आधीच भरून ठेवावे.

उत्तर (देवगड) : खाऊ पाठवताना दुधाचे पदार्थ टाळा, युरोपीय संघात ते टपालाने पाठवण्यास मनाई आहे. आम्ही मुलाला कुळथाचे पीठ आणि आमसुले दिली होती. पिठी रटरटू लागली की खोलीला घराचा वास येतो, असे तो सांगत असे.

गुहागर : तिच्याकडे सूर्य मावळतो तेव्हा आपल्याकडे पावणेसात वाजलेले असतात, हे आज प्रथमच ध्यानात आले. देवापाशी दिवा लावला की रोज तिला फोन करीन.