मदत हवी आहे: इंग्रजी शब्दाचा अर्थ माहीत असतो, पण वापरायच्या वेळी शब्द सुचत नाही

नमस्कार मंडळी,

इंग्रजी वाचताना मला फारसं अडत नाही. बातम्या, लेख, कामाचे ईमेल सगळं समजतं. लिहायला किंवा बोलायला लागलं की मात्र तेच ते गुड, बॅड, व्हेरी, इम्पॉर्टंट. वाचताना ओळखीचे असलेले शब्द ऐनवेळी दगा देतात. शब्दसंग्रह नुसता वाढायला नको, हाताशी यायला हवा, अशी मनापासून इच्छा आहे.

शाळेपासूनची सवय म्हणजे वहीत शब्द आणि त्यापुढे मराठी अर्थ. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. 'फ्रुगल' आणि 'स्टिंजी' या दोघांपुढे 'कमी खर्च करणारा' लिहिलं तर चूक नाही, पण पहिल्यात काटकसरीचं कौतुक असू शकतं आणि दुसऱ्यात सरळसरळ कंजूषपणाचा ठपका आहे. 'रिलक्टंट'पुढे 'नाखूश' लिहिलं की तो 'अनहॅपी'च्या रांगेत जाऊन बसतो. प्रत्यक्षात 'रिलक्टंट टू साइन' म्हणजे सही करायला मन घेत नाही, कदाचित शेवटी करेलही. त्यानंतर 'टू' आणि क्रियापद येतं, हेही वहीतल्या अर्थातून कळत नाही. शिवाय शब्दांच्या जोड्या असतात त्या वेगळ्याच. पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग'. अदलाबदल केली की कानाला खटकतं.

म्हणून आता शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश वापरतोय. लाँगमनच्या कोशात अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांतच सांगितलेले असतात, त्यामुळे एक शब्द शोधताना आणखी चार शोधावे लागत नाहीत. उदाहरणवाक्यंही चांगली असतात. पण वेळ फार जातो, आणि मराठीतला नेमका शब्द सापडल्यावर जो लख्ख प्रकाश पडतो तो इंग्रजी व्याख्येने पडत नाही. त्यामुळे मराठी अर्थ पूर्ण सोडावा असं मला वाटत नाही.

शब्दांच्या मुळांकडूनही जाऊन पाहतोय. लॅटिनमधल्या 'पाहणे' या अर्थाच्या धातूवरून इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर, प्रॉस्पेक्ट, अगदी सस्पेक्टसुद्धा आले. आपल्याकडे आहार, विहार, प्रहार, संहार होतात तसंच. गंमत वाटते, लक्षातही राहतं. पण आहार आणि संहार यांचे अर्थ जसे मुळावरून ओळखता येत नाहीत, तसंच तिथेही होतं. ही वाट नवे अर्थ कळण्यासाठी धरावी की फक्त कळलेले लक्षात ठेवण्यासाठी?

कोणते शब्द आधी घ्यावेत हाही प्रश्न आहे. ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट ५७० शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) आहे, म्हणजे आवाक्यातली. ती मुळात उच्च शिक्षणातल्या वाचन-लेखनासाठी केलेली. रोजच्या कामाच्या लिखाणाला ती कितपत पुरते? की आपण जे वाचतो त्यातूनच शब्द उचलावेत?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. अंकीसारख्या, ठरावीक अंतराने उजळणी करून घेणाऱ्या ॲपमध्ये कार्डं करायची आहेत. पुढे इंग्रजी शब्द आणि मागे अर्थ असं केलं तर पुन्हा फक्त ओळखच पक्की होणार. त्याऐवजी पुढे मराठी वाक्य किंवा जागा रिकामी ठेवलेलं इंग्रजी वाक्य ठेवून शब्द स्वतः आठवायचा, असं कुणी नेमाने केलंय का? बोलताना फरक पडला का? तुमच्या एखाद्या कार्डावर नेमकं काय लिहिलेलं असतं, ते जसंच्या तसं इथे दिलंत तर फार उपयोग होईल.