खुर्ची कुणाची, यावरही असतं

मुली जोडीदार निवडताना जास्त चोखंदळ असतात आणि ते निसर्गतःच असतं, असं अनेकदा म्हटलं जातं. पहिला भाग बऱ्याच पाहण्यांमध्ये दिसतो, पण 'निसर्गतःच' इतक्या सहज म्हणता येईल असं वाटत नाही. एली फिंकेल आणि पॉल ईस्टविक या सामाजिक मानसशास्त्रज्ञांचा स्पीड डेटिंगवरचा, म्हणजे एकाच बैठकीत काही-काही मिनिटं अनेक अनोळखी मुलामुलींना भेटण्याच्या कार्यक्रमांवरचा, 2009 सालचा प्रयोग इथे आठवतो. अशा कार्यक्रमांत बहुधा मुली बसून राहतात आणि मुलगे दर काही मिनिटांनी टेबल बदलतात. यांनी 350 जणांचे 15 कार्यक्रम घेतले. आठांमध्ये मुलगे फिरले, सातांमध्ये मुली. मुलगे फिरले तिथे मुली नेहमीप्रमाणे जास्त चोखंदळ. मुली फिरल्या तिथे फरकच गायब! जो उठून समोरच्याकडे जातो त्याचा आत्मविश्वास वाढतो, त्याला समोरचा जास्त आवडतो. बसलेला मात्र पारखत बसतो.

आमच्याकडच्या कांदेपोह्यांत नेमकी गंमत आहे. चालून जातो मुलगा, पण पारखण्याचा मानही त्याचाच. मी पाच-सहा घरी असाच ऐटीत बसून आलो. एकदा मुलीकडे रंगकाम चालू होतं म्हणून ती मंडळी आमच्याकडे आली. ट्रे माझ्या हातात. चहा बशीत सांडला, आणि "पगार किती?" हा प्रश्न तिने मला विचारला. नकार त्यांच्याकडून आला, हे सांगायला नकोच.