मदत हवी आहे: 2023 चा सगळ्यात भारी, एका अंकात पूर्ण होणारा सुपरहिरो कॉमिक कुठला धरायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा मित्र, कॉलेजपासूनचे, आता कोणी ठाण्यात कोणी नाशकात, एक जण न्यू जर्सीत. दरवर्षी सगळे मिळून एकच अंक निवडतो, त्या वर्षी आलेला सगळ्यात चांगला सुपरहिरो अंक, पण अट अशी की आधीचं काहीही न वाचलेल्या माणसाला तो कळला पाहिजे आणि भिडला पाहिजे. मग त्याची छापील प्रत मागवून जपून ठेवतो. सगळी वर्षं झाली, 2023 तेवढं अडकलंय, मतं तीन-तीन पडलीत आणि कोणी मागे हटत नाहीये.

वाद आहे नाइटविंगच्या (बॅटमॅनचा पहिला रॉबिन, डिक ग्रेसन, मोठेपणी झालेला हिरो) 105 व्या अंकावरून. टॉम टेलरचं लेखन, ब्रुनो रेडोंडोची चित्रं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पूर्ण अंक नाइटविंगच्या डोळ्यांतून दिसतो, म्हणजे तो झोपेतून उठला की आपण उठतो, त्याचे हात आपल्या समोर येतात, उडी मारली की खालची जमीन आपल्याला दिसते. 2024 साली त्याला सिंगल इश्यूचा, म्हणजे एका सुट्या अंकासाठीचा, आयस्नर (अमेरिकेतला कॉमिक्सचा मोठा पुरस्कार) मिळाला. ही जोडी आधीपासूनच असले प्रयोग करतेय, 2021 च्या 87 व्या अंकात तर सगळी पानं एकाला एक जोडली की एकच लांबलचक चित्र होतं.

आता तिघांचं म्हणणं, हा अंक म्हणजे कसब आहे, गोष्ट कुठाय? त्यातली बार्बरा (म्हणजे बॅटगर्ल) कोण, डिकचं तिच्याशी काय नातं, हे माहीत नसेल तर अर्धी मजा गेली. मी दुसऱ्या बाजूचा आहे पण मला त्यांचा मुद्दा उडवून लावता येत नाही, कारण माझ्या डोक्यात एका अंकात पूर्ण म्हटलं की पहिल्यांदा येतो डेअरडेव्हिलचा 7 वा अंक. मार्क वेड आणि पाओलो रिव्हेरा, 2011 च्या डिसेंबरचा, 2012 चा आयस्नर त्यालाच. मॅट मर्डॉक, म्हणजेच डेअरडेव्हिल, जो स्वतः अंध आहे, अंध मुलांना सहलीला घेऊन जातो, बर्फाच्या वादळात बसला अपघात होतो, आणि बर्फामुळे आजूबाजूचं ओळखायची त्याची रडारसारखी जाणीवच बोथट होऊन जाते, म्हणजे ज्याच्या भरवशावर मुलं आहेत तोच चाचपडतोय. हा मी आईला टॅबवर वाचून दाखवला होता, वाक्यं मराठीत सांगत. आईला डेअरडेव्हिल कोण ते माहीत नाही. तिने एकच विचारलं, "याला दिसत नाही ना रे, मग उड्या कशा मारतो?" ते सांगितलं आणि पुढे शेवटपर्यंत गप्प. संपल्यावर म्हणाली, मुलंच शहाणी निघाली.

मागच्या आठवड्यात नाइटविंग 105 पण तिला दाखवला. दोन-तीन पानं "हे कोण बघतंय?" चाललं होतं, मग एकदम, "अरे, म्हणजे मीच बघतेय की!" आणि हसली. पण बार्बराबद्दल चार वेळा विचारलं.

तर प्रश्न असा की नाइटविंग न वाचलेल्या कोणी हा अंक थेट उचलला असेल तर तुम्हाला कसा वाटला? आणि 2023 चा याहून चांगला, खरोखर एका अंकात संपणारा, कुठला असेल तर सांगा. आयस्नरच्या त्या वर्षीच्या नामांकनात सुपरमॅनचा 2023 चा अॅन्युअल (वार्षिक विशेषांक) पण होता, त्याबद्दल कोणाचं काय मत?

प्रतिसाद

तुमची अट जरा जास्तच कडक आहे असं मला वाटतं. 2013 ला तुम्ही काय निवडलं होतं? हॉकआय (मार्व्हलचा धनुर्धारी हिरो) 11 असेल तर मग तो तरी कुठे एकटा उभा राहतो, सगळा अंक लकी नावाच्या त्याच्या कुत्र्याच्या नजरेतून आहे, वासांच्या खुणा आणि माणसांचे मोजकेच शब्द त्याला कळतात, चित्रकार डेव्हिड आहाने काय काम केलंय ते, पण त्यात ज्या खुनाचा तो माग काढतो तो खून आधीच्या अंकांत झालाय.

धागाकर्ता

हो, हॉकआय 11 च निवडला होता, आणि तेव्हाही यावर बोलणं झालेलं. पण तिथे कुत्र्यालाच सगळं अर्धवट कळतं ना, त्यामुळे आपल्याला अर्धवट कळलं तरी ते गोष्टीतच बसतं. हा मुद्दा आत्ता लिहिताना सुचला, ग्रुपवर टाकतो.

प्रतिसाद

आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (फँटम) वाचायचो तेव्हा मागचं काय घडलं हे विचारायची वेळच यायची नाही, कवटीची अंगठी आणि गुहा दिसली की झालं. नवख्याला तेवढी ओळख अंकाने करून द्यावी, बाकी नाती नाही कळली तरी चालतील. 1984 ची स्पायडरमॅन 248 मधली ती लहान मुलाची गोष्ट बघा, रॉजर स्टर्नने लिहिलेली, फक्त 11 पानं, आणि शेवटचं चित्र येईपर्यंत आपल्याला कळत नाही आपण कुठे बसलोय. एवढीशी जागा पुरते. नाइटविंग 105 ला मी माप याच्याशी लावलं तर तो थोडा कमी पडतो, पण 2023 मध्ये त्याच्याइतकं धाडस मला तरी दुसरीकडे दिसलं नाही. माझं मत त्यालाच.

प्रतिसाद

मी नाइटविंगचा एकही अंक आधी वाचला नव्हता आणि हा थेट वाचला. बार्बरा कोण ते कळलं नाही, पण ती त्याच्याकडे, म्हणजे माझ्याकडे, ज्या पद्धतीने बघते त्यावरून जे समजायचं ते समजलं. आईंनी चार वेळा विचारलं म्हणताय, प्रत्येक वेळी नाव विचारलं का नातं?

धागाकर्ता

हे बरोबर विचारलंत. आत्ताच आईला फोन केला. म्हणाली, "नाव लक्षात राहत नव्हतं रे, म्हणून विचारत होते. बायको किंवा होणारी बायको असणार हे तर पहिल्याच पानात कळलं." हे असंच्या असं ग्रुपवर टाकलंय. न्यू जर्सीवाला अजून उठला नाहीये, तिकडे पहाट आहे, पण नाशिकवाल्याने मत बदललंय. सुपरमॅन अॅन्युअल कोणी वाचला असेल तर अजूनही सांगा, रविवारी रात्री शेवटचं मतदान आहे.