मदत हवी आहे: दुसरीच्या वर्गात माजी सैनिकांना बोलवायचं आहे, आखणी कशी करावी?

दुसरी_अ_ऐरोली:
ऐरोलीत मराठी माध्यमाची शाळा, दुसरीचा वर्ग, पट 38. दरवर्षी 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाचा लाल, गडद निळा, फिकट निळा असा छोटा झेंडा मुलांच्या खिशावर लागतो, पण तो कुणासाठी हे त्यांना कळत नाही. म्हणून एका माजी सैनिकांना वर्गात बोलवायचं आहे. भाषण नको. पाहुणे कसे शोधावेत, वेळ किती ठेवावी, आणि मुलांनी भलतंच विचारलं तर?

कोपरी_पूर्व:
ठाण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र निदान तीन आठवडे आधी द्या. इयत्ता, पट, वेळ आणि वर्ग कितव्या मजल्यावर आहे हे त्यात लिहा, गुडघे दुखत असतील तर तळमजल्यावरची खोली आधीच ठरवता येते. ध्वजदिनाच्या आठवड्यात निधी संकलनाची धावपळ असते, म्हणून 16 डिसेंबर (विजय दिवस) किंवा 15 जानेवारी (सेना दिन) असा पर्यायही द्या.

त्याआधी पालकांच्या ग्रुपवर विचारा. जवान चाळिशीच्या आसपासच निवृत्त होतात. सोसायटीच्या गेटवर, बँकेच्या दारात उभे असलेले कितीतरी जण माजी सैनिक असतात. मुलं ज्यांना रोज बघतात तेच काका वर्गात आले, तर माझ्या मते त्याहून चांगलं काही नाही. फक्त रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी आठला बोलावू नका.

बालवर्ग_ते_दुसरी:
ताई, 35 मिनिटांची एकच तासिका ठेवा. 5 मिनिटं ओळख, 10 वस्तू, 15 प्रश्न, उरलेली 5 हाताशी. याहून लांबलं की मागची रांग चुळबुळ करते आणि पाहुण्यांना वाटतं आपलंच चुकलं. बाकं सरकवून सतरंजीवर अर्धगोल बसवा, पाहुण्यांना खुर्ची.

खरी मजा वस्तूंमध्ये आहे. मेस टिन (सैनिकाचा जेवणाचा डबा), टोपी, जुने बूट, शक्य असेल तर नाव-नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेली पत्र्याची काळी पेटी. घोंगडीची घडी घालून दाखवायला सांगा, चारही कडा जुळवून, वर एकही सुरकुती नाही. मग एका मुलाला तशी घालायला द्या. पहिल्या खेपेला कोपरा बाहेर येतोच, आणि रोज पहाटे हे करणं काय असतं ते मुलाला हाताने कळतं.

प्रश्न दोन दिवस आधी चिठ्ठ्यांवर घ्या, त्यातले 10 निवडा आणि पाहुण्यांना आदल्या दिवशी कळवा. ‘तुम्ही कुणाला मारलंत का?’ हा येणारच. रागावू नका, मूल ऐकलेलंच विचारतं. त्याच मुलाला दुसरा प्रश्न द्या: ‘भीती वाटली की काय करायचात?’ तरी ऐन वेळी कुणी विचारलंच, तर उत्तर तुम्ही द्या: ‘त्याबद्दल काकांना वाटेल तेव्हा ते सांगतील, आता पुढची चिठ्ठी.’ कोणत्या विषयावर बोलायला नको, हे फोनवर आधीच विचारून ठेवा.

दुसरी_अ_ऐरोली:
खूप आभार! गणवेशात या म्हणावं का? आणि वर्ग सजवायचा आहे.

घोडबंदर_रोड:
गणवेशाचा आग्रह नको. ब्लेझर आणि डाव्या छातीवर पदकं, एवढं पुरे.

फुगे अजिबात लावू नका. बंद खोलीत फुगा फुटला की मुलं किंचाळतात, आणि स्फोट जवळून पाहिलेल्या माणसाला तो आवाज नकोसा होऊ शकतो. खेळण्यातल्या बंदुका आणू नका, असं पालकांना स्पष्ट कळवा.

सलामी शिकवणार असाल तर पाहुणे कोणत्या दलातले ते आधी विचारा. भूदलात तळवा समोरच्याला दिसतो, नौदलात जमिनीकडे वळतो, वायुदलात तिरका असतो. हात मात्र उजवाच, पाचसहा मुलं हमखास डावा उचलतात.

बालवर्ग_ते_दुसरी:
आभाराची कार्डं त्याच दिवशी करून घ्या. फळ्यावर ‘माजी सैनिक’ ठळक लिहून ठेवा, नाहीतर परिपाठात ऐकलेला ‘शहीद’ शब्द मुलं समोर बसलेल्या काकांसाठी लिहितात. कार्डावर मुलाचं फक्त पहिलं नाव आणि शाळेचा पत्ता. पाहुण्यांचा घरचा पत्ता किंवा नंबर ग्रुपवर टाकू नका, आणि फोटो काढण्याआधी पालकांची व पाहुण्यांची, दोघांचीही परवानगी घ्या.