डायजेशनमध्ये (सॅम्पल आम्लात तापवून विरघळवताना) बंद वेसल (भांडं) दाबाने सुटलं. झाकण टाकून द्यावं का? आणि मायक्रोवेव्हऐवजी हॉट ब्लॉक घ्यावा का? (बडोदा)

मकरपुरा_लॅब:
नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमची छोटी लॅब आहे. मसाले आणि फरसाणातलं शिसं, कॅडमियम तपासतो. यंत्र जुनं, बंद वेसलचं मायक्रोवेव्ह. गेल्या आठवड्यात रन चालू असताना शेवेचं एक वेसल सुटलं. फस्स आवाज, आत तांबूस धूर, यंत्र बंद. पूर्ण निवेपर्यंत कुणी दाराला हात लावला नाही, म्हणून कुणाला इजा झाली नाही. पण त्या झाकणाची कड पांढुरकी पडलीय, जरा फुगल्यासारखी वाटते. सॅम्पल 0.5 ग्रॅम, नायट्रिक आम्ल 8 मिली, बाकीची वेसलं हळदीची. झाकण पुन्हा वापरलं तर चालेल का? साहेब म्हणतात, हे विकून ग्राफाइटचा हॉट ब्लॉकच (उघड्या नळ्या तापवणारा ठोकळा) घेऊ. अनुभवी लोकांनी सांगा.

नंदेसरीकर:
ताई, झाकण आजच बाद करा. कड एकदा बिघडली की पुढच्या खेपेला कमी दाबालाही सुटेल.

आता कारण. बहुतेक यंत्रांत तापमानाचा प्रोब (सेन्सर) एकाच वेसलमध्ये असतो. तो तुम्ही हळदीत ठेवला होतात ना? मग यंत्र हळद बघत होतं आणि शेव त्याच्या नजरेआड तापत होती. शेवेत तेल भरपूर. तेल आणि नायट्रिक यांची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड भराभर सुटतात, तुम्हाला दिसला तो तांबूस धूर त्यातलाच. म्हणून एका रनमध्ये एकाच जातीचं सॅम्पल, वजनही सारखंच. तेलकट असेल तर 0.2 ग्रॅमवर थांबा. आम्ल घातल्यावर झाकण न लावता हूडमध्ये (धूर ओढून घेणाऱ्या कपाटात) अर्धा तास राहू द्या, फेस बसू द्या, मग बंद करा. तापमानही हळूहळू चढवा.

आणि एक विनंती, अगदी मनापासून. वेसल लवकर वाळावं म्हणून ॲसिटोनने खंगाळू नका. मी हे होताना पाहिलंय. ॲसिटोनचा अंश राहिला आणि वर कडक नायट्रिक पडलं तर स्फोट होऊ शकतो.

सुरसागर_काठ:
काकांशी सहमत. ब्लॉकबद्दल सांगते, आमच्याकडे दोन्ही आहेत. उघड्या नळीत कडक नायट्रिक साधारण 120 अंशांना उकळतं, त्यापुढे जात नाही. बंद वेसलमध्ये 180-200 गाठता येतं. सांडपाण्याच्या सॅम्पलला ब्लॉक उत्तम, एकदम बरीच बसतात. शेवेला मात्र तासन् तास लागतील, आम्ल जास्त जाईल आणि तरी वर तेलाचा तवंग राहील. मग कुणीतरी सुचवतं, थोडं परक्लोरिक आम्ल घाला. ते मुळीच करू नका! तेलकट सॅम्पलवर गरम परक्लोरिक म्हणजे स्फोटाला आमंत्रण, आणि त्याच्या वाफांसाठी पाण्याने धुतला जाणारा वेगळा हूड लागतो. साध्या हूडच्या डक्टमध्ये ते क्षार साठून राहतात. साहेबांना हे नीट समजावून सांगा.

निगेचं म्हणाल तर टेफ्लॉनच्या वेसलला ब्रश किंवा तारेची घासणी लावायची नाही. 10 टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर, मग डीआय (क्षारमुक्त) पाण्याने धुवायचं. लावण्याआधी वेसलची बाहेरची बाजू आणि जॅकेट (वरचं कवच) कोरडं पुसा, आम्लाचा थेंब राहिला तर नेमकी तीच जागा तापून जळते. दर वेसलला नंबर द्या आणि किती रन झाले ते वहीत लिहा. झाकण धुतल्यावर ट्यूबलाइटखाली आडवं धरून कडेवरून बोट फिरवायचं. नजरेला न दिसणारी चीर बोटाला लागते.

मकरपुरा_लॅब:
खूप आभार! प्रोब हळदीतच होता, काका. उघडताना काय काळजी घ्यायची? आणि मातीची सॅम्पल येणार आहेत, एचएफ (हायड्रोफ्लोरिक आम्ल) लागेल म्हणतात.

नंदेसरीकर:
50 अंशांच्या खाली आल्यावरच, हूडमध्ये, काच खाली ओढून, वाफेचं भोक आपल्यापासून दूर ठेवून झाकण हळूहळू सैल करा. फेस शील्ड हवीच. पातळ नायट्राइल हातमोजे कडक नायट्रिकपुढे टिकत नाहीत, वर निओप्रीनचे घाला. एचएफचं काम कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (त्याने भाजल्यावर लावायचं) हाताशी आल्याशिवाय सुरूच करू नका. पातळ एचएफने भाजलेलं कित्येकदा काही तासांनी दुखायला लागतं, तोवर ते आत उतरलेलं असतं.

मकरपुरा_लॅब:
आज सगळी झाकणं ट्यूबलाइटखाली तपासली. 7 नंबरच्या कडेला चीर निघाली. दोन्ही बाद केली, नवीन मागवली. शेवेचा वेगळा रन 0.2 ग्रॅमने लावला, द्रावण स्वच्छ आलं. ब्लॉक घ्यायचा झाला तर फक्त पाण्यासाठी, असं साहेबांनी मान्य केलंय.