नव्या तलंगा सांजेला खुराड्यात बसत नाहीत, काय करावे?

प्रश्न : तुराटी (आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. पोळा झाल्यावर आम्ही घरामागच्या वाडीत नव्याने कोंबड्या घेतल्या. तीन महिन्यांच्या आतबाहेरच्या अठरा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि दोन नर आहेत. निम्मे पक्षी कडकनाथ, उरलेले वनराज. दिवसभर वाडीत आणि गोठ्यामागच्या उकिरड्यावर छान चरतात, हाक मारली की धावत येतात. अडचण आहे ती दिवस मावळतानाची. कडकनाथ एकामागून एक गोठ्याच्या कुडावर चढतात, कुडावरून कवेलूंवर आणि तिथून थेट कडुनिंबावर जाऊन बसतात. वनराज अंगाने जड असल्यामुळे त्यांना तेवढे उडणे जमत नाही, म्हणून त्या बंडीखाली किंवा बैलांच्या गव्हाणीच्या काठावर गोळा होतात. खुराड्यात मात्र एकही आपणहून जात नाही.

खुराडे घराच्या पश्चिमेकडील भिंतीला लागून बांधले आहे. लांबी आठ फूट, रुंदी पाच फूट, वर टिनपत्रे, दोन बाजूंना विटांच्या भिंती आणि समोर जाळीचे दार आहे. आत फूटभर उंचीवर बांबूची एक दांडी असून, अंडी घालण्यासाठी तेलाचे पिपे कापून ते भिंतीला तीन फुटांवर अडकवले आहेत. पूर्वीच्या दोन गावरान कोंबड्या आमच्याकडे आहेत, त्या याच खुराड्यात रात्र काढतात.

सासूबाई म्हणतात की काठी घेऊन रोज हाकला, आपोआप वळण लागेल. परंतु हाकलल्याने त्या अधिकच बुजतात आणि अंधार पडेपर्यंत आमची नुसती धावपळ होते. शेजारच्या शेतातल्या आखाड्यावरून रानमांजराने कोंबडी नेल्यापासून झोप लागत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : वर्धेकाठचा (जि. वर्धा)

ताई, काठी तेवढी बाजूला ठेवा. सांजेला ज्या जागेकडे आपल्याला काठीने हाकलले जाते ती जागा भीतीची, एवढेच कोंबडीच्या लक्षात राहते. पाळीव कोंबडी मुळात रानकोंबडीच्या वंशातली आहे आणि रानकोंबड्या आजही रात्री झाडावरच बसतात. त्यामुळे उजेड कमी होऊ लागला की उंच जागा शोधणे हा तुमच्या कडकनाथांचा हट्ट म्हणता येणार नाही. तुम्ही लिहिलेल्या मापांवरून मला असे दिसते की दोष कोंबड्यांचा कमी आणि खुराड्याचा अधिक आहे.

पहिली शंका उष्णतेची आहे. दिवस मावळायच्या वेळी खुराड्यात वाका, पत्र्याला आतल्या बाजूने तळहात लावून पाहा आणि दार ओढून थोडा वेळ आतच थांबा. पश्चिमेचे ऊन दुपारपासून खात बसलेल्या विटा आणि वरचा टिनपत्रा हे सूर्य बुडाल्यावरही बराच वेळ धग सोडत राहतात. आश्विनातल्या उन्हात बाहेर झाडाखाली गार वारा असताना कोंबडी त्या भट्टीत का शिरेल? घामाच्या ग्रंथी नसल्यामुळे तिला चोच उघडून धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढावी लागते. पत्र्यावर धानाच्या तणसाचा किंवा तुराट्यांचा हातभर जाड थर द्या आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून चुना मारा. तुराट्या मुद्दाम सुचवल्या. पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) घरी मुबलक असली तरी तिच्यात गुलाबी बोंडअळी टिकून राहते, म्हणून ती साठवू नका असे कृषी खात्याचे सांगणे असते, ते येथेही पाळावे. छपराच्या लगेच खाली, समोरासमोरच्या दोन भिंतींत वीतभर उंचीची फट ठेवून तिला बारीक जाळी लावली की गरम हवा आणि विष्ठेचा उग्र वायू दोन्ही वरच्या वर निघून जातील. पुन्हा कधी बांधण्याचा योग आला, तर खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे लांब भिंतींवर थेट ऊन कमी पडते.

दुसरी गोष्ट दांडीची. तुमच्याकडे अंड्यांचे पिपे तीन फुटांवर आणि दांडी फुटावर आहे, हे नेमके उलटे झाले आहे. कोंबडीला आतली सर्वांत उंच जागा हवी असते. त्यामुळे उद्या त्या आत गेल्या तरी पिप्यांतच झोपतील, तिथेच घाण करतील आणि अंडी माखतील. पिपे खाली फूट-दीड फुटावर आणा आणि दांड्या त्यांच्याहून उंच, अडीच-तीन फुटांवर न्या. प्रत्येक कोंबडीला बसण्यासाठी आठ-नऊ इंच जागा लागते, म्हणजे आठ फुटांच्या दांडीवर दहा-बारा कोंबड्या बसतील; बावीस पक्ष्यांना एवढ्याच लांबीच्या दोन दांड्या हव्यात. त्या एकाखाली एक लावू नका, शिडीसारख्या तिरप्या लावा, नाहीतर वरच्यांची विष्ठा खालच्यांच्या पाठीवर पडते. दोन दांड्यांमध्ये आणि वरची दांडी व भिंत यांमध्ये फूटभर अंतर असावे. गुळगुळीत गोल बांबूवर जड कोंबडीचा पाय घसरतो. दोन इंच रुंदीची, कडा तासून गोल केलेली लाकडी पट्टी अधिक बरी. वनराजसाठी मध्ये एक ठेंगणी पायरीही द्या. तुमच्या तलंगा बहुधा बल्बच्या उबेत, आईवाचून वाढलेल्या असाव्यात. पहिल्या महिनाभरात दांडी न मिळालेल्या पिलांना पुढे तिच्यावर चढणे सहजी साधत नाही, म्हणून त्यांना पायरी दाखवावीच लागते.

या दुरुस्त्या झाल्या की मगच कोंडून ठेवण्याचा उपाय करा. आठवडा ते दहा दिवस सर्व पक्ष्यांना दाणापाण्यासह आत ठेवावे. एवढ्या काळात त्या जागेला घर समजू लागतात. नंतर पहिल्यांदा सोडताना सकाळी सोडू नये, दिवस मावळायच्या तासभर आधी सोडावे. फार लांब जायला वेळच उरत नाही आणि उजेड कमी होताच त्या ओळखीच्या जागी परततात. सांजेचा दाणा रोज आतच टाका. ज्वारी किंवा तांदळाची कणी मूठभर पुरे, पण हाक तीच आणि वेळही तीच हवी. कार्तिकात साडेपाच-पावणेसहालाच दिवस मावळतो, हे ध्यानात ठेवून वेळ हळूहळू अलीकडे आणा.

उत्तर : वैनगंगाकाठ (जि. भंडारा)

दादांच्या बाकी सर्व सूचना पटल्या, पण आठ-दहा दिवस रात्रंदिवस आत कोंडण्याबाबत माझे मत वेगळे आहे. चाळीस चौरस फूट जागा बावीस कोंबड्यांना केवळ रात्रीपुरती ठीक आहे. दिवसाही त्याच जागेत डांबले तर त्या एकमेकींची पिसे उपटतात, रक्त काढतात आणि एकदा रक्ताची चटक लागली की ती सुटत नाही. त्यातही टिनपत्र्याखाली ऊन लागून पक्षी दगावण्याची भीती आहेच. ताईंनी खुराड्याच्या दारासमोर बांबू रोवून त्यांना जुनी जाळी गुंडाळावी आणि छोटे अंगण करून घ्यावे, वरूनही जाळी ओढावी. दिवसा त्या जाळीत, रात्री आत. घर ओळखण्याचे काम तेवढ्यानेही होते.

आमच्या बचत गटातल्या बाया आणखी एक गोष्ट करतात. अंधार पूर्ण पडल्यावर कोंबडीला जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यामुळे ती जिथे बसली असेल तिथून दोन्ही हातांनी पंखांसकट अलगद उचलता येते. ती ओरडत नाही, झटापट करत नाही. तिला नेऊन जमिनीवर ठेवू नये, थेट दांडीवर ठेवावे आणि पायांची पकड बसेपर्यंत हात सोडू नये. दिवसा पाठलाग करून पकडलेली कोंबडी पुढच्या वेळी हाती लागत नाही. अशी उचललेली मात्र सकाळी दांडीवरच जागी होते.

कडुनिंबावर चढणाऱ्यांसाठी झाडाच्या बुंध्याला पत्रा ठोकण्याचा काही उपयोग नाही, कारण त्यांची वाट कुडावरून आहे. कुडाच्या माथ्यावर सांजेपुरती जाळी किंवा जुने लुगडे ओढून ती वाटच बंद करावी. पंख कापण्याचा सल्ला कोणी देईल. एकाच पंखाची लांब पिसे कापली तर उडणे थांबते आणि पिसे झडून नवी आली की ते पुन्हा सुरू होते, हे खरे आहे. पण ज्या वाडीत कुत्री येतात तिथे उडता न येणारी कोंबडी म्हणजे आयते भक्ष्य, म्हणून मी ते टाळते.

खुराड्यात आत अंधार आणि बाहेर संधिप्रकाश असेल तर त्या दारापर्यंत येऊन माना वाकवतात आणि परत फिरतात. आत एक मंद सौरदिवा टांगून पाहावा. सगळ्या दांडीवर बसल्यावरच तो विझवावा. आधी विझवला तर खाली राहिलेल्या तिथेच चाचपडत राहतात.

तुराटी (मूळ प्रश्नकर्ती)

दादा, ताई, दोघांचेही मनःपूर्वक आभार. पत्र्यावर तणीस टाकले, पिपे खाली आणले, नव्या दांड्या बसवल्या आणि समोर जाळीचे अंगणही केले. वनराज आता दिवेलागणीला आपणहून आत जाऊ लागल्या आहेत आणि कडकनाथांपैकी बहुतेकींना आम्ही अंधारात उचलून आणतो. तरीही दोन गोष्टी खटकतात. जुन्या गावरान कोंबड्यांपैकी एक दारातच उभी राहून नव्यांना टोचते. दुसरे म्हणजे, रात्री बॅटरी घेऊन पाहिले तर काही कोंबड्या दांडी सोडून दाराच्या जाळीला चिकटून उभ्या असतात, एकसारखी चोच अंगात खुपसत राहतात आणि पहाटे दार उघडताच उड्या मारून बाहेर पडतात. जुन्या दोघींचे तुरेही पूर्वीपेक्षा फिके दिसतात. याचा संबंध काय असावा?

उत्तर : माजी पशुधन कर्मचारी (जि. अमरावती)

बाई, दुसऱ्या गोष्टीचे उत्तर आधी देतो, कारण ती अधिक गंभीर आहे. फिका तुरा, रात्रीची तळमळ आणि जागेचा कंटाळा ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली की रक्त पिणाऱ्या किडीचा शोध घ्यावा. आपल्या कोरड्या, उष्ण भागात कोंबड्यांची चपटी गोचीड फार आढळते. पूर्ण वाढलेली गोचीड दिवसभर विटांच्या सांध्यांत, लाकडाच्या भेगांत आणि बांबूच्या पोकळीत लपून बसते आणि अंधार झाल्यावरच कोंबडीच्या अंगावर चढते. म्हणून दिवसा कोंबडी हातात धरून तपासली तर काही सापडत नाही आणि मालकाला वाटते की सर्व ठीक आहे. तांबड्या बारीक किड्यांचाही हाच क्रम असतो. तुमच्या जुन्या कोंबड्या या खुराड्यात आधीपासून राहत असल्यामुळे कीड त्यांच्या रक्तावर टिकून होती, असे मानण्यास जागा आहे. नुसते खुराडे रिकामे ठेवून ती जात नाही, कारण ही गोचीड अन्नावाचून वर्षानुवर्षे तग धरते. शिवाय तिच्या चावण्यातून स्पायरोकीटोसिस नावाचा ताप येतो. त्यात कोंबडी सुस्तावते, हिरवट हगते, पाय लुळे पडतात आणि अनेकदा मरते.

पाहण्याची रीत अशी की, रात्री उशिरा दांडीच्या खालच्या बाजूला पांढरा कागद दाबून फिरवावा. रक्ताचे डाग उमटले तर शंका उरत नाही. दिवसा जुन्या बांबूची टोके आणि विटांचे सांधे सुईने टोकरून बघावे. पक्ष्यांना दुसरीकडे हलवून आतले तणीस काढून दूर नेऊन जाळावे, बांबू टाकून द्यावा, सांधे सिमेंटने बुजवावेत आणि त्यावर दाट चुन्याचे दोन हात द्यावेत. नव्या दांड्यांची टोके भिंतीत खोचू नयेत, सुट्या खुंट्यांवर ठेवावीत, म्हणजे उचलून धुता येतात. कोंबड्यांना धूळ-आंघोळीसाठी चुलीची गार राख आणि बारीक माती यांचा खड्डा करून द्यावा.

औषधाविषयी एक विनंती कळकळीने करतो. घरात कपाशीवरचे कीटकनाशक उरलेले असते आणि तेच खुराड्यात मारण्याचा मोह होतो. तसे मुळीच करू नका. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बंद जागेत, ज्यांची अंडी आपली मुले खाणार त्या पक्ष्यांवर, ते विष वापरण्याचे काही कारण नाही. गोचिडीसाठी चालणारे औषध, त्याचे प्रमाण आणि अंडी किती दिवस खाऊ नयेत ही माहिती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावी. पहिल्या फवारणीनंतर साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा फवारावे लागते, कारण अंड्यांतून नवी पिढी निघालेली असते. त्याच भेटीत मानमोडी (राणीखेत) आणि देवी या कोंबड्यांच्या रोगांवरील लसींबद्दलही विचारून घ्या.

आता दारातल्या कोंबडीचे. नव्या-जुन्यांची क्रमवारी ठरेपर्यंत असे चालतेच. त्या जुन्या कोंबडीला आठवडाभर रात्री वेगळ्या डालग्यात ठेवा आणि नव्या सर्वजणी आत रुळल्यावर, अंधार पडल्यानंतर, तिलाच पाहुणीसारखी दांडीच्या टोकाला नेऊन बसवा. दार अरुंद असेल तर एक कोंबडी सगळी वाट अडवू शकते, त्यामुळे दुसरे लहान दार काढता आले तर उत्तम. आणि सकाळी दार फार लवकर उघडू नका. तुमच्या तलंगा पुढे अंड्यावर येतील तेव्हा बहुतेक अंडी सकाळीच पडतात. दहाच्या सुमारास सोडल्या तर ती पिप्यांत मिळतील, नाहीतर तुराट्यांच्या गंजीत शोधत फिरावे लागेल.