मध्यबिंदू आधी ठरवावा की लिहिता लिहिता सापडू द्यावा?

टिळकवाडीकर

बेळगावात आम्ही काही जण एकमेकांच्या पटकथा वाचतो. बहुतेक मराठीत लिहितात, दोघे कन्नडमध्ये. भाषा कुठलीही असो, दुखणं एकच दिसतं. सुरुवात दमदार असते, शेवट लेखकाला पाठ असतो आणि मधली पानं नुसती पुढे सरकत राहतात. एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट धरलं, तर दोन तासांच्या चित्रपटात पहिला अंक ३० पानांचा, शेवटचाही तेवढाच आणि मधला एकटा ६० पानांचा. या ६० पानांत लेखक हरवतो. नायकासमोर एक अडचण, मग दुसरी, मग तिसरी. क्रम उलटा केला तरी काही बिघडत नाही, आणि हीच धोक्याची खूण आहे.

म्हणून मी ठामपणे म्हणतो की मध्यबिंदू एका वाक्यात सांगता येत नसेल तर पहिलं पान लिहू नये. तिथे मारामारी, अपघात किंवा गौप्यस्फोटच हवा असं नाही. जिथे कथेचा प्रश्न बदलतो ती जागा म्हणजे मध्यबिंदू.

सध्या लिहितोय त्या पटकथेचंच उदाहरण देतो. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली मराठी शाळा पट कमी म्हणून बंद व्हायची आहे. तिथल्या बाई दारोदार फिरतात, पालकांच्या हातापाया पडतात. ६० व्या पानावर पट पूर्ण होतो, शाळा वाचते, गावात पेढे वाटले जातात. आणि तेव्हाच कळतं, की नवीन आलेली बरीच मुलं पलीकडच्या वाडीतल्या मराठी शाळेतली आहेत. आता ती शाळा बंद होणार, आणि तिथल्या मुख्याध्यापिका म्हणजे बाईंची जुनी मैत्रीण. पूर्वार्धाचा प्रश्न होता ‘शाळा वाचेल का?’ उत्तरार्धाचा प्रश्न होतो ‘कुणाची शाळा?’ हे वळण मला आधी सापडलं म्हणूनच पुढची पानं लिहिता आली.

शहापूरची

दादा, कथा आवडली, पण नियम मान्य नाही. मी नाटकातून आले आहे. वळण आधी ठरवलं की पात्रं त्या वळणाकडे चालायला लागतात, स्वतःच्या इच्छेनं नव्हे, लेखकाच्या सोयीनं. हे प्रेक्षकाला कळतं. नेमकं काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही, पण तो खुर्चीत चुळबुळ करायला लागतो.

आपल्याच जिल्ह्यातलं बघा. बैलहोंगलच्या संग्या-बाळ्याची गोष्ट रात्रभर चालणाऱ्या सन्नाट्यात, म्हणजे कन्नड लोकनाट्यात, होते. संग्याचं काय होणार, मित्रच त्याचा घात कसा करणार, हे समोर बसलेल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. तरी माणसं उठत नाहीत. त्यांना प्रसंग कसा रंगतो ते बघायचं असतं. तिथे कुणी साठावं पान मोजलं होतं?

कडोलीकर

ताईंशी सहमत, कारण वेगळं. आपल्याकडे मध्यबिंदू म्हटलं की लेखक मध्यंतर लिहितो. पडद्यावर ‘मध्यंतर’ यायच्या आधी काहीतरी दणका हवा, म्हणून कुणाला तरी गाडीखाली घालतात, कुणाचा तरी बाप निघतो. वडापाव संपेपर्यंत तो दणका विरून जातो आणि पुढच्या दहा मिनिटांत गोष्ट होती तिथेच परत येते. मध्यबिंदूचा आग्रह धरणाऱ्यांनी हा रोग वाढवला आहे. शिवाय आता मोबाइलवर बघणाऱ्याला मध्यंतर कुठलं?

टिळकवाडीकर

कडोलीकर, तुम्ही सांगताय तो रोग खराच आहे, पण तो मध्यबिंदूचा नाही. प्रेक्षक परत आत यावा यासाठी मध्यंतराचा दणका असतो. परत आलेल्या प्रेक्षकानं आता वेगळ्याच गोष्टीची काळजी करावी, यासाठी मध्यबिंदू असतो. दोन्ही एकाच जागी आले तर उत्तम, पण ती एकच गोष्ट नव्हे.

‘सैराट’ (२०१६) घ्या. १७४ मिनिटांच्या चित्रपटातली चारही गाणी पूर्वार्धात आहेत. उत्तरार्धात हैदराबादची वस्ती, भाड्याची खोली, कानावर तेलुगू. आधी आपण विचारत होतो, ही दोघं एकत्र येतील का. नंतर विचारतो, एकत्र आली, आता जगतील कशी. ज्या आर्चीपुढे गाव वचकून होतं, तिला तिथे कामाची भाषा शिकावी लागते. घरापासून चार कोसांवर भाषा बदलते अशा भागात राहणाऱ्या आपल्याला तो भाग जास्त लागतो, असं मला नेहमी वाटतं. तिथे कुणी दणका देत नाही. सूरच बदलतो, आणि तो पुन्हा मागे जात नाही.

ताई, संग्या-बाळ्याचा शेवट सगळ्यांना माहीत असतो हे कबूल. पण शेवट माहीत असणं आणि मध्ये वळण नसणं, यात फरक आहे. संग्या जिच्या मागे लागतो ती विवाहित गंगा नकार देत असते तोवर ती एका माणसाच्या हव्यासाची गोष्ट असते. तिचा होकार आला की ती एका घराच्या नाशाची गोष्ट होते. पान कुणी मोजलं नसेल, वळण मात्र आहे.

नंदगडचा

मी वेगळंच सांगूलालोय, बघा पटतंय काय. मध्यबिंदू घटनेत नसतोच. तुम्ही गोष्ट कुठे सुरू करता आणि कुठे संपवता, त्यावर तो ठरतो.

कित्तूरचा इतिहास घ्या. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरच्या फौजेनं इंग्रजांना हरवलं, कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले, किल्ला पडला, राणी चन्नम्मा कैद झाली. १८२९ मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात, कैदेतच ती वारली. मग संगोळ्ळी रायण्णानं लढा पुढे नेला आणि १८३१ मध्ये आमच्या नंदगडात त्याला फाशी दिलं.

आता चित्रपट राणीच्या कैदेवर संपवला तर ऑक्टोबरचा विजय मधोमध येतो. जिंकलो असं वाटतं आणि तिथूनच घसरण सुरू होते. पण रायण्णाच्या फाशीवर संपवला तर मधोमध येतो किल्ल्याचा पाडाव. म्हणजे हरलो असं वाटतं आणि तिथून एक साधा शिलेदार उभा राहतो. इतिहास तोच, तारखा त्याच, चित्रपट दोन. एक राणीचा, एक रायण्णाचा. म्हणून आधी मध्यबिंदू नव्हे, आधी ठरवा गोष्ट कुणाची.

टिळकवाडीकर

नंदगडकर, हे फार मोलाचं बोललात. पण माझ्या मते यानं माझाच मुद्दा पक्का होतो. मध्यभागी काय येतंय हे बघितल्यावरच कळलं ना, की गोष्ट राणीची आहे की रायण्णाची? नुसत्या शेवटाकडे बघून ते कळलं नसतं. दोन्हीकडे शेवट दुःखाचाच आहे.

शहापूरची

नाही दादा, इथे तुम्ही उलटं धरताय. कुणाची गोष्ट हे लेखकाला आतून माहीत असतं, म्हणून मध्य तिथे पडतो. नंदगडला वाढलेल्या लेखकाला कुणी काही सांगितलं नाही तरी तो रायण्णाकडेच जाईल. फाशीची ती जागा त्यानं लहानपणापासून बघितली आहे.

अनगोळचा विद्यार्थी

सर, १५ मिनिटांच्या लघुपटालाही मध्यबिंदू लागतो का? कॉलेजसाठी करतोय.

कडोलीकर

बाळा, लघुपटात एकच वळण पुरतं, आणि ते शेवटाकडे असलं तरी चालतं. आधी शूटिंग कर.

निपाणीकर

मी संकलन करतो. शाळेच्या कथेबद्दल थेट बोलतो. पलीकडची शाळा बंद पडणार, हीच तुमची खरी गोष्ट आहे ना? मग त्यासाठी एक तास का थांबायचं? ते ३० व्या पानावर आणा. पट भरतो, सत्य कळतं, पहिला अंक संपला. पुढचे दीड तास दोन मैत्रिणींचे. संकलनाच्या टेबलावर मी अनेकदा बघितलंय की लेखकानं मधोमध जपून ठेवलेला पत्ता लवकर टाकला की चित्रपट सुटतो. ‘सायको’त (१९६०) नायिका समजून आपण जिच्या मागे गेलो, ती पाऊण तासाच्या आसपास मारली जाते, मध्याची वाट न बघता. प्रेक्षकाच्या पायाखालची जमीन तेव्हाच सरकते.

टिळकवाडीकर

निपाणीकर, यावर मी खूप विचार केलाय, म्हणून सविस्तर लिहितो. सत्य ३० व्या पानावर आणलं तर प्रेक्षकाला धक्का बसेल, पण त्याच्यावर जबाबदारी येणार नाही. माझ्या प्रेक्षकानं बाईंबरोबर तासभर उन्हातान्हात फिरायला हवं. एकेका मुलाचं नाव पटावर चढताना त्यालाही आनंद व्हायला हवा. शेवटचं मूल मिळालं तेव्हा त्यानंही मनातल्या मनात टाळी वाजवलेली हवी. मग कळलं पाहिजे की ही टाळी कशासाठी होती. सीमाभागात आपण सगळेच शाळा टिकावी म्हणून बोलतो, आणि आपलंच एक गाव दुसऱ्या गावाच्या वाट्याचं ओढतं तेव्हा गप्प बसतो. ते गप्प बसणं प्रेक्षकाला स्वतःचं वाटायचं असेल तर त्याला आधी तासभर त्या विजयाची आस लागायला हवी. ‘सायको’तही पाऊण तास आपण त्या बाईच्या चोरीची काळजी वाहिलेली असते, म्हणून धक्का बसतो. पहिल्या दहा मिनिटांत ती मेली असती तर ती फक्त एक बळी ठरली असती.

सगळ्यांना एक विनंती. आपापल्या पटकथेचा पूर्वार्ध झाका आणि उत्तरार्धात नायकाला काय हवंय ते एका वाक्यात लिहा. मग पूर्वार्धाचं तसंच वाक्य लिहा. दोन्ही वाक्यं एकसारखी निघाली, तर मधल्या ६० पानांत काय घडलं हे स्वतःला विचारा.

निपाणीकर

ही कसोटी मान्य. पान ६० चा हट्ट अजून मान्य नाही. ४५ व्या पानावर आणून बघा, मग बोलू.

शहापूरची

माझा शेवटचा आक्षेप, आणि तो पानाचा नाही. तुमच्या कथेत बाईंना ते सत्य ‘कळतं’. कोण सांगतं? बाहेरून कुणी येऊन सांगणार असेल तर तो अपघात झाला, वळण नव्हे. मुलं दुसऱ्या शाळेतून आली म्हणजे शाळा सोडल्याचे दाखले आलेच असतील. त्यावर मैत्रिणीची सही असणार. म्हणजे बाईंना पहिल्या दाखल्यापासून माहीत होतं, आणि तरी त्या नावं चढवत राहिल्या. तुमचा मध्य तिथे आहे, पेढ्यांत नाही. आणि हे साच्यानं सुचलेलं नाही, बाईंच्या टेबलावर काय पडलं असेल याचा विचार केला म्हणून सुचलं.

टिळकवाडीकर

दाखला घेतला. तो पटकथेत आज रात्रीच जातोय. पण सही बाईंनी पहिल्यांदा ६० व्या पानावरच बघावी. तोवर दाखले कारकुनाकडे जमा होत राहतील.

शहापूरची

दोन शिक्षकांच्या खेड्यातल्या शाळेत कारकून कुठून आणलात, दादा? दाखले बाईच उघडणार. रविवारच्या वाचनाला मी येते, तिथे या प्रसंगावर बसू.